वारा, भिंत आणि मधली वर्षं

रविवार, ३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सकाळी वहिनीकडे जाऊन तिची औषधं देऊन आलो. दुपारी आठवड्याचे कपडे इस्त्री केले. चहाच्या वेळी दादाच्या जुन्या बॉक्सिंग हॉलची कमिटी येऊन गेली. आता लिहायला बसलो आहे.

बसलो आहे म्हणतो खरा, पण बसवत नाही. संध्याकाळ झाली की हात शिवशिवतात. दादा होता तोवर त्याच्या हातांना पट्ट्या बांधायची ती वेळ. आता त्या वेळेला मी नळ नीट बंद आहे का बघतो, खिडकी उघडतो, परत लावतो. शेजारच्या बाई काल विचारत होत्या, काही हरवलंय का. नाही म्हणालो.

कमिटीचं म्हणणं असं की हॉलला रंग लावून झाला आहे आणि त्याला दादाचं नाव द्यायचं आहे. खरं नाव नाही, लोक हाक मारायचे ते. दारावर लोखंडी अक्षरांत 'भिंत' असं लावणार. आत फोटो लावायचा तो पुनरागमनाच्या सामन्याचा, एक डोळा मिटलेला आणि दोन्ही हात वर. काचेच्या कपाटात ठेवायला त्याच्या हातपट्ट्याही मागितल्या. अध्यक्षांनी विचारलं, घरच्यांची काही हरकत? मी म्हणालो, ताईला विचारून सांगतो. पुढच्या रविवारी बैठक आहे.

अक्षरं वेल्डर करतो आहे. हो, तोच, दादाच्या त्या सामन्यातला.

तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
मुका

*

गुरुवार, ७ ऑगस्ट

चि. मुक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि दूध उतू गेलं. भिंत म्हणे! ज्यांनी त्याला वारा म्हणून पाहिलं ती माणसं सगळी गेली का?

तू तेव्हा शाळेत होतास, तुला सगळं आठवतं की नाही कोण जाणे. बंदीच्या आधी कुणाचा ठोसा त्याच्या अंगाला लागत नसे. समोरचा मारायचा तिथे दादा नसायचाच. विजेतेपद घेऊन घरी यायचा तर भांगसुद्धा मोडलेला नसायचा. आई विचारायची, आज खेळ रद्द झाला का रे?

मग तो सामना. वेल्डरच्या डोळ्यांत रक्त उतरलं, तो हवेत चाचपडत होता, पंच काही थांबवेना. आणि आपल्या शहाण्याने हात खाली सोडले, कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. माझा वेल्डरवर राग नाही, आधीच सांगते. राग संघटनेवर आहे. सामना विकला म्हणाले आणि चार वर्षं घरी बसवलं. सत्तावीस वर्षांच्या माणसाला, ऐन भरात!

ती चार वर्षं बेकरीच्या भट्टीसमोर उभं राहून त्याचे पाय गेले. पायच गेले तर मार चुकवणार कसा? म्हणून परत आल्यावर तो मार खायला शिकला. समोरचा दमेपर्यंत खायचा आणि मग एकच द्यायचा. लोक खुर्च्यांवर उभे राहून भिंत, भिंत ओरडायचे. त्याच भिंतीने पुढे त्याचे हात थरथरायला लावले आणि शेवटी त्याच्या डोक्यातून माझं नाव पुसून टाकलं. जन्मभर नर्स होते मी. मला कुणी शिकवू नये.

तेव्हा हॉलचं नाव वारा. नाहीतर फोटो नाही आणि पट्ट्याही नाहीत. दर वेळेसारखा मान डोलवून परत येऊ नकोस.

एक मनातून जात नाही, तुलाच विचारते. मी शेवटी दवाखान्यात त्याच्याजवळ होते तेव्हा संध्याकाळी तो दोन्ही हात पुढे करायचा, बोटं फाकवून. मी धरले की रागाने ओढून घ्यायचा. माझा हात नको झाला होता का रे त्याला?

जेवत जा वेळेवर. नुसत्या चहावर राहतोस ते मला इथून दिसतं.

तुझी,
ताई

*

शनिवार, ९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा हात नको झाला नव्हता. पट्ट्या बांधायला हात असेच धरायचे असतात. बोटं फाकवून ठेवली तर पट्टी आवळत नाही. तुला ठाऊक असेल असं मी धरून चाललो होतो. मी भेटायला आलो की दवाखान्यातलंच क्रेप बँडेज बांधायचो, मग तो शांत पडायचा. तू त्या वेळी डबा आणायला गेलेली असायचीस.

ही सवय बंदीच्या वर्षांतली. हॉलचं दार त्याला बंद होतं. तरी बेकरीतून आला, आंघोळ केली की माझ्यासमोर हात धरायचा. सामना नाही, सराव नाही, मग कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाला की बंदी रिंगची आहे, हातांची नाही. बांधलेल्या हातांनी पेपर वाचत बसायचा. पान त्याला उलटता यायचं नाही, ते मी उलटायचो. चुकून क्रीडापान आधी काढलं तर चिडायचा. पेपर संपला की पट्ट्या सोडून परत गुंडाळायच्या.

काल वहिनीला विचारलं. ती म्हणाली, वारा मी पाहिला नाही आणि भिंत मला कधी आवडली नाही. तिने लग्न केलं ते बेकरीतल्या माणसाशी. कोपरापर्यंत पीठ लावून यायचा, गाढ झोपायचा आणि मनसोक्त भांडायचा. पुढे डोक्याला मार बसू लागला तसा भांडायचा थांबला, तिथेच तिला धास्ती वाटली. नाव काहीही द्या, पण ती चार वर्षं वगळून पुढे जाऊ नका, एवढंच तिचं मागणं.

आज वेल्डरच्या दुकानात गेलो होतो. 'भिं' कापून तयार आहे, दाराशी टेकवून ठेवला आहे. एका डोळ्याने काम करतो तो. मला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला. म्हणाला, दादाने त्या दिवशी आणखी एक ठोसा मारला असता तर तो वाराच राहिला असता, आणि ही अक्षरं दुसऱ्या कुणाला तरी करावी लागली असती. तू सांगशील ते कापतो, म्हणाला. मी उठून निघालो, दोन गल्ल्या पुढे जाऊन परत आलो आणि पुन्हा निघालो.

तू म्हणतेस त्यात खोटं काही नाही. पण पुनरागमनाच्या सामन्यानंतर त्याच्या पट्ट्या मी कापत होतो. डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. म्हणाला, वारा आपसूक होता रे, हे मात्र मी शिकलो. आणि हसला. तू दवाखाना पाहिलास, मी ते हसणं पाहिलं. म्हणून वारा म्हणताना माझी जीभ अडते.

उद्या बैठक. लोभ आहेच, रागावलीस तरी असू दे.

तुझा,
मुका

*

बुधवार, १३ ऑगस्ट

चि. मुक्यास,
अ. उ. आ.

बँडेज उशाशीच होतं रे. मी बांधलं असतं. हजारो हात बांधलेत मी आणि माझ्याच भावाचे राहिले. तू मात्र मला ठाऊक असेल म्हणून गप्प बसलास! असो. त्याला माझा हात नको झाला नव्हता, हे कळलं. काल बऱ्याच दिवसांनी डोळा लागला.

वाराचा हट्ट मी सोडला. वहिनीचं बरोबर आहे. मी पहिल्या दादासाठी भांडत होते, ते लोक शेवटच्यासाठी, आणि मधला कुणाचाच नाही. बैठक होऊन गेली असेल. तिथे तू काही बोललास का, तेवढं कळव. जन्मभर कचेरीत नकाशे काढलेस, पेन्सिलीनेच काय ते बोललास. एकदा तोंडाने बोलला असशील तर मी साखर वाटेन. नसशील तरी रागावणार नाही. थोडीच रागावेन.

तुझी,
ताई

*

रविवार, २४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हॉल आज उघडला. सकाळी वहिनीला रिक्षाने घेऊन गेलो, दुपारी सोडून आलो. मग परत हॉलवर गेलो. साखर वाटायला हरकत नाही, मी बोललो होतो.

बैठकीत उभा राहिलो तेव्हा आवाज फुटेना. अध्यक्षांना वाटलं मला पाणी हवंय, त्यांनी पेला पुढे केला. मी सांगितलं की वारा नको आणि भिंतही नको. दादाचा सगळ्यांत मोठा सामना तो, जो त्याने थांबवला. त्यानेच त्याचे पाय नेले, त्यामुळेच तो भिंत झाला. दारावर काही लावायचं तर त्या सामन्याचं लावा. अध्यक्ष नम्रपणे म्हणाले की भावना समजतात, पण तो सामना नोंदीत हार म्हणून आहे. हार दारावर कशी टांगणार? शिवाय लोक भिंतच ओळखतात. हात वर झाले आणि 'भिंत' ठरलं. मी खाली बसलो. मान डोलवली नाही.

तर दारावर 'भिंत' आहे, रस्त्याच्या टोकावरून दिसते. वहिनीने पदर सावरून एकदा वर पाहिलं आणि आत गेली.

आत पट्ट्या बांधायच्या खोलीत एक बाक आहे, तिथे खेळाडूंशिवाय कुणी जात नाही. बाकाच्या वर जी लोखंडी तुळई आहे तिच्यावर वेल्डरने कुणाला न विचारता लहान अक्षरांत एक ओळ लावली आहे. समोरच्याला दिसत नसेल, तर हात खाली. दादा शिकवायला लागल्यावर प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगायचा. अध्यक्षांनी विचारलं, हे कुणी सांगितलं होतं? वेल्डर म्हणाला, कुणी नाही, पण आता काढायचं तर तुळईसकट कापावं लागेल, आणि वर छप्पर आहे. वहिनी दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच हसली. मग त्या बाकावर बराच वेळ बसून राहिली.

मला अजून एका जागी बसवत नाही. संध्याकाळ अवघडच जाते. ऑक्टोबरात रजा मिळते आहे, तुझ्याकडे येईन म्हणतो. लोभ आहेच, त्यातला थोडा त्या गुडघ्यांनाही दे.

तुझा,
मुका

ता. क. पट्ट्या कमिटीला दिल्या, त्याचं लिहायचं राहिलं. काचेच्या कपाटात कुणीतरी त्या उलट्या गुंडाळून ठेवल्या होत्या, अंगठ्यात अडकवायचा फासा आतल्या टोकाला. अशी पट्टी हातात घेतली तर बांधण्याआधी सगळी उलगडावी लागते. कपाटाचं कुलूप अजून आलेलं नाही. सगळे गेल्यावर पंखे बंद करतो म्हणून मी मागे थांबलो. बाकावर बसून दोन्ही पट्ट्या गुडघ्यावर सरळ केल्या आणि शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणल्या, फासा बाहेर राहील अशा. जागच्या जागी ठेवल्या, पंखे बंद केले आणि घरी आलो.