डाव्या हाताची दोन बोटं

१ जानेवारी २०२५, बुधवार. पहाटे ५.१०
संकल्प. एक, रोज पाच ते सहा रियाज. दोन, एक एप्रिलला नोकरीचा राजीनामा. तीन, ही वही कुणाला दाखवायची नाही.
नोकरी तात्पुरती आहे. दूध संघाने गायींच्या कृत्रिम रेतनाला मला घेतलं तेव्हाच सांगितलं होतं की मी मूळचा व्हायोलिनवादक. यंदा सतरावं वर्ष.
आज रियाज नाही. काटेवाडीतच दोन गायी माजावर होत्या. गाय माजावर आली की त्याच दिवशी गाठावी लागते, तिला संकल्प कळत नाही. उद्यापासून.

२ जानेवारी
वरकुट्याहून गेणबांचा फोन. त्यांची गाय भरवून, म्हणजे रेतन करून, आलो. रियाज उद्यापासून.

५ जानेवारी, रविवार
इंदापूरला प्रॅक्टिस. अजितचं ठिबकचं दुकान रविवारी बंद असतं, मागच्या गोडाऊनमध्ये पाइपच्या भेंडोळ्यांत आम्ही चौघे बसतो. बाकी तिघं हौशी. अजित आठवडाभर ठिबकच्या नळ्या विकतो आणि रविवारी तबला वाजवतो. संभाजीराव तहसील कचेरीबाहेर स्टॅम्प पेपर विकतात, लोकांचे अर्ज लिहून देतात, आणि पेटी वाजवतात. राजेश्वरी एसटीत कंडक्टर. ती गाते. मागच्या सीटपर्यंत ऐकू जातं. मुख्य काम संगीत आणि जोडधंदा गायी, असा मी एकटाच.
मोठी बातमी. पाडव्याला, ३० मार्चला, बारामतीतल्या एका मंगल कार्यालयात पहाटेचा कार्यक्रम मिळाला. मी सोलो सुचवला. सगळे गप्प. म्हणजे मान्य.
व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘रविवार’ आहे, ते ‘दिग्विजय आणि सहकारी’ करावं असंही सुचवलं. तेवढ्यात संभाजीरावांना पेटीचा भाता तपासायचा होता.

१२ जानेवारी, रविवार
डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. थंडी. वृषाली म्हणाली, थंडी उजव्या हातालाही असते. माझी बायको अंगणवाडीत शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची सवय आहे.

२३ जानेवारी, गुरुवार
गेणबांची गाय उलटली. म्हणजे राहिली नाही, एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर. पुन्हा गेलो.
या कामात डावा हात गायीच्या आत कोपरापर्यंत घालायचा, गर्भपिशवीची मान बोटांनी चाचपून धरायची, आणि उजव्या हाताने नळी सरकवायची. डोळ्याचं काम नाही, सगळं बोटांवर. गाय हात आवळते. सतरा वर्षं गायी आवळतायत. आज मान सापडायला जरा वेळ लागला. गायीच्या खुराकात काहीतरी कमी आहे, असं गेणबांना सांगून आलो.

२६ जानेवारी, रविवार
तिसऱ्या गाण्यात सूर लागेना. पेटी उतरलीय, असं संभाजीरावांना स्पष्ट सांगितलं. ते ती बारामतीला दाखवून आणणार म्हणाले. वयस्कर माणूस, पण ऐकतात.

३ फेब्रुवारी
पेटी परत. दुरुस्तीवाल्याचा निरोप, काही झालेलं नाही. दुरुस्तीवाला बदलणे.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी
चहाचं पातेलं उतरवताना उकळता चहा डाव्या हातावर सांडला. मला कळलंच नाही. वृषाली ओरडल्यावर बघितलं तर फोड आले होते. म्हणजे एकाग्रता किती वाढली आहे. मी मनात गत घोळवत होतो.
तिने बारामतीला नसांच्या डॉक्टरची वेळ घेते म्हटलं. मी म्हटलं, पाडव्यानंतर.

१३ फेब्रुवारी
गेणबांची गाय पुन्हा उलटली. तिसऱ्यांदा जाऊन भरवली. त्यांच्या बायकोने, प्रयागबाईंनी, पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. गेणबा नुसते दावणीला टेकून उभे होते. गाय आटत चाललीय म्हणाले. राहिली नाही तर विकायला लागंल, असंही म्हणाले. मी रेतनाच्या मात्रांबद्दल संघात तक्रार करणार आहे. यंदाचा मालच हलका.

२० फेब्रुवारी
मोटारसायकलचा क्लच जड झालाय. डाव्या हाताने दाबला जात नाही. मेकॅनिक म्हणतो, क्लच लोण्यासारखा आहे. मेकॅनिक बदलणे.

२३ फेब्रुवारी, रविवार
आता सगळी गाणी दोनच बोटांनी वाजवतो. ही माझी नवीन शैली. कमी बोटं, जास्त भाव. अजितला समजावून सांगितलं. त्याने तबल्याची गादी नीट केली. मग म्हणाला, दिगूभाऊ, दोन-चार गाण्यांना विश्रांती घ्या की. कलाकाराला विश्रांती कोण देतं. त्याला ठिबकच्या धंद्यामुळे सगळं थेंबाथेंबाने द्यायची सवय.

६ मार्च, गुरुवार
वरकुटे. चौथ्यांदा. गेणबा म्हणाले, डॉक्टर, आधी तुमी आला की पाच मिन्टात हात बाहेर यायचा. मी म्हटलं, आता मी जास्त काळजीपूर्वक करतो.
संघात नवीन तंत्रज्ञ आली आहे, स्वरूपा नावाची. साहेबांनी तिला माझ्या काही गावांची यादी दिली. माझा भार हलका करायचा त्यांचा विचार दिसतो. पाडव्याचा कार्यक्रम त्यांच्या कानावर गेला असणार.

१६ मार्च, रविवार
प्रॅक्टिस लवकर संपली. मी निघाल्यावर तिघं मागे थांबले. गोडाऊनच्या शटरबाहेरून पाहिलं, बोलत होते. माझ्या सोलोला साथ कशी द्यायची याची चर्चा असणार.

२७ मार्च, गुरुवार
आज एकवीस दिवस झाले. गेणबांचा फोन नाही. म्हणजे गाय राहिली. संघात कुणी कबूल करणार नाही, पण हात शेवटी हात असतो.

३० मार्च, रविवार. पाडवा. दुपारी १२
झाला. पहाटे चारला उठलो. कुर्त्याची बटणं वृषालीने लावली. हॉल भरलेला. पुढच्या रांगेत मोगऱ्याचे गजरे.
इतकं हलकं मी आयुष्यात वाजवलं नव्हतं. मला माझं व्हायोलिन वेगळं ऐकूच येत नव्हतं, इतकं ते बाकीच्यांत मिसळलं होतं. सोलोला डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. टाळ्या किती वेळ चालल्या. उभा राहून वाकून नमस्कार केला. संभाजीराव डोळे पुसत होते.

३१ मार्च
वृषालीने फोनवर व्हिडिओ काढलाय. त्यात व्हायोलिन येत नाही. फोनच साधा आहे.

१ एप्रिल, मंगळवार
राजीनामा दिला नाही. साहेब मार्चएंडच्या कामातून मोकळे झाले नव्हते.

३ एप्रिल, गुरुवार
कार्यक्रमाचा फोटो इंदापुरात फ्रेम करायला टाकायचा होता. मोटारसायकल न नेता एसटीने निघालो. (क्लच.) गाडीवर राजेश्वरी होती. तिने मला तिकीट दिलं, पुढच्यांची तिकिटं काढली, मग येऊन शेजारी बसली. ड्युटीवर ती कधी बसत नाही.
मी व्हिडिओबद्दल बोललो, वृषालीच्या फोनबद्दल. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दादा, फोनचं काय न्हाय. तुमचा माईक बंद हुता. पहिल्या गाण्यापासनं.”
कुणी केला, असं विचारलं.
“मीच सांगितलं साउंडवाल्याला. अजितभाऊ आन् संभाजीराव न्हायच म्हनत हुते. मी म्हनलं, दादांनी येवढी वर्षं वाजवलंय, लोकांनी हसाय नको.”
आणि सोलो?
“सोलोला संभाजीरावांनी पेटी धरली. तुमी डोळं मिटलं हुतं.”
पुढच्या थांब्याला माणसं चढली. ती उठून गेली.
म्हणजे टाळ्या पेटीच्या. वाकलो मी.
राग यायला हवा होता. वाट बघितली, आला नाही. इंदापूर स्टँडवर बाकावर बसून राहिलो. तीच गाडी परत निघाली तेव्हा तिच्यातच बसलो. राजेश्वरीने परतीचं तिकीट दिलं. फोटो पिशवीतच राहिला.

८ एप्रिल, मंगळवार
डॉक्टर. कोपराजवळची नस दबली आहे. कधीपासून होतंय, विचारलं. मी म्हटलं, जानेवारी. वृषाली म्हणाली, मागच्या दिवाळीच्या आधीपासून. ती तारखा सांगत होती. कधी बटण लागलं नाही, कधी पेला सुटला, कधी रात्री मी हात झटकत बसलो होतो. मी असा बसलो होतो, हे मला आठवत नाही.
डॉक्टरांनी एक कागद दोन बोटांच्या मध्ये धरायला सांगितला आणि ओढला. सहज निघाला. ऑपरेशनने पुढचं थांबेल म्हणाले, गेलेलं परत येईलच असं नाही. जनावरांचं काम बंद. व्हायोलिनचं मी विचारलं नाही. वृषालीने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

१७ एप्रिल, गुरुवार
यादी द्यायला स्वरूपाबरोबर वरकुट्याला गेलो. गेणबांची गाय मार्चमध्ये पुन्हा उलटली होती. एक पाळी त्यांनी मुद्दाम सोडून दिली होती, म्हणून फोन नव्हता.
स्वरूपाने हात घातला. गाय अंग चोरत होती, स्वरूपाला मान सापडेना. मी शेपूट धरून उभा होतो. तिला सांगितलं, घाई करू नको, गाय ढिली पडू दे. आता तळाशी जा. कोंबडीच्या मानेसारखं घट्ट लागेल. त्याच्या पुढं मऊ. तिथंच थांब. ती म्हणाली, सापडलं. मला माझ्या बोटांना काय लागायचं ते सगळं शब्दांत येत होतं. असं कुणाला कधी सांगितलं नव्हतं.
गेणबा मला म्हणाले, “हाताचं आधीच का न्हाय सांगितलंत, डॉक्टर? गाय काय, माणूस बी ऐकून घेतं.”
मी म्हटलं, थंडी होती.

१२ मे, सोमवार
ऑपरेशन झालं. हात गळ्यात.

२ जून
संघाने दूध संकलन केंद्रावर बसवलं. लोक कॅन घेऊन येतात, मशीन फॅट दाखवतं, मी सांगतो. अजून डॉक्टरच म्हणतात.

२६ जून, गुरुवार
गेणबांची गाय स्वरूपाने तपासली. गाभण आहे. प्रयागबाईंनी तिला पेढा दिला. मला अर्धा.

२९ जून, रविवार
तीन महिन्यांनी इंदापूरला प्रॅक्टिसला गेलो. संभाजीरावांनी दोनदा निरोप पाठवला होता. वृषाली म्हणाली, जा, नुसते बसून या. व्हायोलिन नेलं नाही.
गोडाऊनमध्ये माझी जागा रिकामी ठेवली होती, तिथं पाइप ठेवले नव्हते. कुणी पाडव्याचा विषय काढला नाही. राजेश्वरीचा गळा बसला होता, तरी ती गायली. अजितने इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा आणलाय, तो माझ्यापुढे सरकवला. सूर मीच लावून द्यायचा म्हणाला, माझा कान पक्का आहे.
उजव्या हाताने बटण दाबलं. पट्टी काळी एक. एकदा चालू केलं की दोन तास काही करावं लागत नाही.