तिसऱ्यांवर चीज

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चौसष्ट किलो! एप्रिलात एक्याऐंशी होता.

काट्यावरून उतरला आणि म्हणाला, "काटा बिघडलाय." काटा बिघडलेला नाही. काल मी त्यावर बटाट्यांची पिशवी ठेवून पाहिली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साठच्या खाली गेला तर इस्पितळात ठेवावं लागेल, नळीने भरवावं लागेल. एल्व्हियोला नळीने! या बंदरावरच्या लिलावात ज्याने चाळीस वर्षं नुसत्या वासावर मासळी निवडली! हा 'घे' म्हणाला की गावातले स्वयंपाकी डोळे मिटून पेटी उचलायचे. एप्रिलातल्या त्या तापाने नवऱ्याचं नाक नेलं, आणि नाकाच्या मागोमाग चवही गेली. जेवण म्हणजे ओला कागद चावणं, म्हणतो. दोन घास खातो आणि ताट बाजूला सारतो. घरी मी काय काय करून पाहिलं ते लिहायला बसले तर ही वही पुरायची नाही.

आता ठरवलंय. शुक्रवार परत सुरू करायचा. दर शुक्रवारी दुपारी बाहेर, मासे आणि पास्ता — लग्न झाल्यापासूनचा आमचा नेम, एप्रिलपासून मोडलेला. गावात एवढ्या खानावळी आहेत. एखाद्या तरी ताटावर त्याचं नाक जागं होईल!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दुइलियोच्या खानावळीत गेलो. माकुलाच्या काळ्या शाईतला पास्ता. पूर्वी हा दारातूनच सांगायचा, माकुल आजचं की कालचं.

दुइलियो हात पुसत बाहेर आला. "काय रे म्हाताऱ्या, आज शिव्या नाहीत?"

एल्व्हियो म्हणाला, "छान झालाय."

दुइलियोचं तोंड उतरलं. बावीस वर्षांत एल्व्हियोने त्याला कधी छान म्हटलेलं नाही. "आज सासूने रांधलंय वाटतं" असलं काहीतरी बोलायचा, आणि मग पावाच्या तुकड्याने ताट पुसून असं लख्ख करायचा की धुवायला नको! आज पाव टोपलीत तसाच. चार घास. मी मोजले.

दुइलियो दारापर्यंत सोडायला आला. माझ्या कानात म्हणाला, "वहिनी, त्याला म्हणावं, मला शिव्या दे. एक तरी दे."

१३ ऑक्टोबर

सकाळी आतून ओरडला — "गॅस! रेना, गॅस!"

मी धावले. शेगडी बंद, नळी ठीक, खिडकी सताड उघडी. काही नव्हतं. पण धावताना मला किती आनंद झाला होता, ते फक्त इथे लिहिते. वास आला ना त्याला!

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, "खोटा वास तो. नाक गेलेल्यांना येतो. आशा लावून बसू नका, बाई."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शिंपल्यांचा रस्सा. तीन घास.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी जे केलं त्याची लाज वाटते.

ओर्नेलाची खानावळ म्हणजे आमचं दुसरं घर. तिच्या बापाच्या वेळेपासून तेच खिडकीतलं टेबल, त्याच शिंपल्यांतल्या तिसऱ्या घातलेल्या स्पॅगेटी. दहा वर्षांपूर्वी इथे मिलानचं एक नवं जोडपं शेजारी बसलं होतं. त्या पोरीने तिसऱ्यांवर चीज मागितलं; मासळीवर चीज म्हणजे आमच्याकडे पापच. एल्व्हियो उठला आणि तिच्या हातातली वाटी काढून घेतली! "बाई, या तिसऱ्यांसाठी मी पहाटे चारला उठलोय. चीज घालायचं तर माझ्या डोक्यावर घाल." अख्खी खानावळ टाळ्या वाजवत होती. ओर्नेला ही गोष्ट अजून सांगते.

म्हणून आज मी आधी जाऊन तिला सांगून ठेवलं, टेबलावर चीजची वाटी ठेव. तिचा विश्वास बसेना. "काकू! मासळीशेजारी? बाबा थडग्यातून उठून येतील." मी म्हटलं, येऊ देत. एल्व्हियोला राग तरी येईल. राग आला की भूक लागते त्याला, हे मी चाळीस वर्षं पाहिलंय.

तिने वाटी आणून ठेवली. एल्व्हियोने वाटीकडे पाहिलं. मी श्वास रोखला. त्याने चमचा घेतला, आणि तिसऱ्यांवर चीज घातलं. एक चमचा. मग दुसरा.

शेजारच्या टेबलावरचे जेवायचे थांबले. कोपऱ्यातल्या आजींनी चक्क क्रूसाची खूण केली.

"जरा खारट लागतं," एल्व्हियो म्हणाला. "काहीतरी लागतं, रेना."

ओर्नेला तोंडाला फडकं लावून आत गेली. मी माझ्या स्पॅगेटी संपवल्या. कशा गिळल्या, देव जाणे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

ओळखीच्यांकडे जायचं तोंड नव्हतं. किनारा-रस्त्यावर नवीन उघडलंय तिथे गेलो. कोऱ्या खुर्च्या, कोरा वेटर. एल्व्हियोने तिसऱ्या मागवल्या, मी सूप.

पहिलाच घास घेतला आणि म्हणाला, "अहाहा!"

मी चमचा खाली ठेवला. "काय?"

"लागतंय. अगं, समुद्र लागतोय!"

आणि खायला लागला! भराभरा, पूर्वीसारखा. शेवटी पाव मोडला, ताट पुसलं. सहा महिन्यांनी पुसलं! माझ्या डोळ्यांना धार लागली. वेटरला वाटलं सूप तिखट आहे.

एक तिसरी कडेला राहिली होती. आनंदाने मीच उचलली. तोंड मिटलेली होती. शिजूनही जी उघडत नाही ती टाकायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी ती नखाने उघडली आणि नाकाला लावली.

सडकी.

त्याच्या ताटातल्या रिकाम्या शिंपल्या हुंगल्या. एक, दोन, तीन. सगळ्यांना तोच वास.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

३ नोव्हेंबर

दोन दिवस उलट्या. आज थोडं पाणी राहिलं पोटात. एकसष्ट किलो.

खोटं का बोललास, विचारलं. आधी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाला, "प्रत्येक घासाला तू माझ्या तोंडाकडे बघत बसतेस. तुझं ते तोंड बघवेना मला."

म्हणजे मीच खायला घातल्या त्या त्याला. सडक्या तिसऱ्या, माझ्या या आशेने. हजार तिसऱ्यांच्या पेटीतून एक मेलेली वासावर काढणारा माणूस माझ्यासाठी डझनभर मेलेल्या खाऊन हसला.

आता शुक्रवार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तोच म्हणाला, "तू जा. स्वतःला का उपाशी मारतेस?"

गेले एकटी ओर्नेलाकडे. तिने सवयीने दोन पेले मांडले आणि मग एक उचलला. तो उचलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, बरं केलं.

"काकांसाठी बांधून देऊ, काकू?"

"नको गं. कुत्र्याला घालायला आमच्याकडे कुत्राही नाही."

दोघी हसलो.

परत कधी जाणार नाही.

२४ डिसेंबर

नाताळच्या आदल्या दिवशी आमच्याकडे फक्त मासळीचं जेवण. यंदा मी एकच माकुल आणलं.

एल्व्हियो टेबलाशी बसला, माझं खाऊन होईपर्यंत. तेवढं मात्र करतो. म्हणाला, "रेना, आतापर्यंत मला आठवायचा तरी. डोळे मिटले की पेटी उघडल्यावरचा तिसऱ्यांचा वास यायचा. आता आठवणीतूनही चाललाय. परवापासून नुसतं चित्र दिसतं."

मी उठून भांडी घासली.

साठ किलो, दोनशे ग्रॅम.

९ जानेवारी, शुक्रवार

मला सर्दी. नाक गच्च.

सकाळी कॉफी प्यायले, गरम पाणी. पाव खाल्ला, कापूस. तिसऱ्या घासाला पाव खाली ठेवला. नऊ महिने हा माणूस असा बसलाय आणि मी त्याला म्हणत होते, अरे खा, चांगलं आहे, खाऊन तर बघ! मला स्वतःला तीन घास जाईनात. मला आठ दिवसांत बरं वाटेल. त्याला?

सोमवारी इस्पितळात न्यायचं ठरलंय. एकोणसाठ आणि काहीतरी. डॉक्टरीणबाई प्रेमाने बोलल्या, त्यावरूनच काय ते कळलं. त्याची पिशवी भरली. दोन पायजमे, चष्मा, दाढीचं सामान. लिलावातली जुनी लोकरीची टोपी त्याने स्वतः आणून वर ठेवली. तिथे टोपी कशाला, मी विचारलं नाही.

जेवायला माझ्यापुरता तेल-लसणाचा पास्ता टाकतेय. पाणी ठेवलंय, लसूण तेलात सोडलाय, तोवर हे लिहिते. शुक्रवार असून घरात मासळी नाही. कुणासाठी आणू? सोमवारनंतर या टेबलाशी मी एकटीच बस—

ओरडतोय बाल्कनीतून. "रेना, लसूण करपतोय!"

झालं. परत ते खोटे वास. मला तर काहीच येत नाहीये.

तोच दिवस

लसूण काळा ठिक्कर झाला होता. एल्व्हियो दारात उभा राहून मला शिव्या देतोय.