कारण न सांगता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, घटनासभेची निवृत्त लघुलेखिका, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहिताना माझ्या मागे कोणी उभे नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी मुलाबद्दल जरा बरे बोलले होते.

कलम पहिले. राहते घर, वरच्या मजल्यासह, माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे पती घटनेच्या मसुदा समितीचे सभासद होते. आपल्या नावावर काडीचीही मालमत्ता नाही असे त्यांना भाषणांत सांगायचे असे, म्हणून हे घर त्यांनी माझ्या नावावर घेतले. ते माझ्या मुलाला मिळू नये. ते आमच्याकडे पूर्वी घरकाम करणाऱ्या आणि आता पुलापलीकडच्या दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या बाईंना द्यावे. त्यांना मी पतीच्या शेवटच्या आजारपणात, कारण न सांगता, कामावरून काढले होते. का, ते पुढे येईल.

कलम दुसरे. माझे टंकलेखन यंत्र आणि लघुलिपीच्या एकशे बारा वह्या सरकारी दफ्तरखान्याला द्याव्यात. राजा गेल्यावर त्याच्याच नाचघरात घटनासभा भरत असे. व्यासपीठाखाली आम्हा लघुलेखिकांचे टेबल होते. दर दहा मिनिटांनी एक उठायची, दुसरी बसायची. सत्ता राजाची नव्हे, लोकांची. पण लोकांच्याही हाती ती एकगठ्ठा द्यायची नाही, तिचे तीन वाटे करायचे आणि प्रत्येकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची, हे मी तिथे शिकले. ते बोलणाऱ्यांत सर्वांत देखणे माझे पती होते. त्यांचे शब्द मी आधी वहीत घेतले, मग मनावर.

एक्केचाळीस क्रमांकाच्या वहीत घटनेचे सदतिसावे कलम आहे. सुव्यवस्थेसाठी सरकारने कोणालाही तीन महिने कोंडावे, हुकूम हवा तितक्या वेळा वाढवावा, कारण सांगू नये, असे ते कलम. एका शिक्षिकाबाईंनी दुरुस्ती मांडली. त्या सभासद होत्या, आवाज बारीक. त्या म्हणाल्या, "ज्याला कोंडता त्याला कारण सांगा, आणि महिन्याच्या आत न्यायाधीशापुढे उभे करा. एवढेच मागते."

माझे पती उत्तराला उठले. "राज्य कालच जन्माला आलं आहे. तान्ह्या बाळाचा गळा कोणी धरला तर आई काय न्यायाधीशाची वाट बघत बसेल?"

सभागृह हसले. मी कंसात 'हशा' असे लिहिले. त्या हशात मीही होते. दुरुस्ती चार मतांनी पडली. पुढच्या वर्षी आमचे लग्न झाले.

कलम तिसरे. कपाटातला चष्मा, एक काच तडकलेली, माझ्याबरोबर जाळावा. तो माझ्या धाकट्या भावाचा आहे. तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, म्हणून सगळे त्याला खिळ्या म्हणत. त्याने एक पत्रक छापले. ज्यांच्याकडे जमीन वा घर होते त्यांनाच घटनासभा निवडताना मत होते. मग ज्यांना मतच नव्हते, त्यांनी ही घटना मान्य केली असे कोण म्हणते, एवढाच त्यात प्रश्न होता. सदतिसाव्या कलमाखाली त्याला छापखान्यातूनच नेले. शाईचे हात धुऊ दिले नाहीत.

मी पतीकडे गेले. ते दाढी करत होते. त्याला सोडवा असे मी म्हटलेच नाही. त्याने काय केले ते तरी विचारा, एवढेच म्हणाले.

"बायकोच्या भावासाठी वाकला तर तो कायदा कसला?" ते म्हणाले, आणि गाल फुगवून वस्तरा फिरवू लागले.

हुकूम तीनदा वाढला. अकराव्या महिन्यात हृदयक्रिया बंद पडली असे कळवणारा कागद आला. अंत्यविधी तुरुंगातच उरकला होता. मला चष्मा आणि एक सदरा मिळाला. पुढची तीस वर्षे माझे पती गावोगावच्या व्याख्यानांत ही गोष्ट सांगत राहिले. 'माझ्या सख्ख्या मेव्हण्यासाठीही मी कायदा वाकवला नाही' या वाक्याला लोक उठून टाळ्या वाजवत. मी पहिल्या रांगेत असे. सभ्यतेने मीही उठत असे.

कलम चौथे. पतीचे कागद विद्यापीठाने मागितले आहेत, ते द्यावेत. मात्र हे कलम नक्कल करून त्या गठ्ठ्याच्या वर बांधावे. एरवी गठ्ठा बंबात घालावा.

वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. जीभ शाबूत होती, डोके तल्लख होते. मी त्यांना मागच्या खोलीत हलवले, फोन काढून घेतला, आणि यंत्रावर एक हुकूम टाइप करून त्यांना वाचून दाखवला: सुव्यवस्थेसाठी आपल्याला तीन महिने या खोलीत ठेवण्यात येत आहे, कोणाची भेट नाही, पत्र नाही.

"माझा गुन्हा काय?" त्यांनी विचारले.

"ते सांगणं सार्वजनिक हिताचं नाही," मी म्हणाले.

मी त्यांना वेळेवर भरवले, पुसले, कुशीवर वळवले. पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. माझ्या भावाची पाठ मला पाहायला मिळाली नव्हती. पहिले तीन महिने ते संतापले. हुकूम वाढवला तेव्हा युक्तिवादावर आले. घर म्हणजे राज्य नव्हे, नवरा-बायकोच्या नात्यात संमती असते, वगैरे. मी त्यांना म्हटले, "अहो, संमती घ्यायची राहिली खरी. खिळ्याचीही राहिली होती." त्यानंतर ते बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असत.

आठव्या महिन्यात एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "वही आण," ते म्हणाले. "शिक्षिकाबाई बरोबर होत्या. माझ्या नावानिशी लिहून घे."

मी आयुष्यभर लोकांचे बोलणे उतरवून घेतले. खोकलासुद्धा सोडला नाही. त्या दिवशी पेन्सिल उचलली नाही. ते वाट पाहत राहिले. पुन्हा एकदा, सावकाश, शब्द सुटे करून बोलले, जणू मला ऐकू कमी येत होते. मी चादर बदलली आणि दार ओढून घेतले. बारा दिवसांनी ते गेले. मला बरे वाटेल अशी माझी समजूत होती. वाटले नाही. पण ती चूक मी पुन्हा करणार नाही असेही मला म्हणवत नाही.

कलम पाचवे. माझा मुलगा मोठ्या कोर्टात सरकारची बाजू मांडतो. सदतिसाव्या कलमाच्या खटल्यांत तोच उभा असतो. त्या आठ महिन्यांत तो चारदा आला. वडिलांना भेटता येणार नाही, असे मी चारही वेळा दारातच सांगितले. का, हे त्याने विचारले नाही. "तू आहेस ना आई, मग मला घोर नाही," असे म्हणून तो घड्याळ बघत जिना उतरला. शेवटच्या वेळी मागच्या खोलीतून त्याला त्याच्या लाडक्या नावाने हाक आली. त्याने ती ऐकली. मी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

घरकामाच्या बाई मात्र पंधराव्या दिवशी हातातले भांडे खाली ठेवून मला म्हणाल्या, "बाई, त्यांनी केलंय तरी काय?" सबंध आठ महिन्यांत हा प्रश्न एका माणसाने विचारला. मी त्यांना त्याच संध्याकाळी हाकलले, कारण त्यांनी दुसऱ्यांदा विचारले असते तर मला दार उघडावे लागले असते. घर त्यांचे आहे. मुलाला वडिलांचा वस्तरा द्यावा. सुनेने मला कधी काही विचारले नाही, सांगितलेही नाही. तिला काही देऊ नये.

कलम सहावे. बँकेतली शिल्लक शिक्षिकाबाईंनी चालवलेल्या मुलींच्या शाळेला द्यावी. शाळा बंद पडली असल्यास मला ते कोणी कळवले नाही.

कलम सातवे. मुलगा या मृत्युपत्राला आव्हान देईल हे मी जाणते. खुशाल द्यावे. त्याला कारणे मागता येतील, वकील देता येईल, आई भ्रमिष्ट होती असे सांगता येईल, आणि न्यायाधीशाला ते ऐकून घ्यावेच लागेल. ती सोय त्याच्या वडिलांनीच करून ठेवली आहे. घटनेचे एकोणचाळिसावे कलम: कोणाचेही घर, कारण सांगितल्याशिवाय आणि न्यायाधीशाने ऐकल्याशिवाय, त्याच्याकडून घेता येणार नाही. त्या कलमावर चर्चा झाली नाही. ते एकमताने, चहाच्या सुट्टीआधी, चार मिनिटांत मंजूर झाले. माझ्या वहीत ते पाऊण पान आहे.

वरील मजकूर मी स्वतः टाइप केला, वाचला आणि खाली साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही : (लिहून ठेवणार)

साक्षीदार १ : तळमजल्यावरचे भाडेकरू, दंतवैद्य
साक्षीदार २ : शेजारीण, टपाल खात्यातून निवृत्त

ठिकाण : राहत्या घराची मागची खोली
दिनांक : १४ मार्च, सकाळी अकरा वाजता