प्लेट्स आणि ज्यूस

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. बापाला पत्र लिहायची आपल्या घरात पद्धत नव्हती. जे काय असेल ते तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून बोलायचात आणि आम्ही मुकाट ऐकायचं. पण आज रविवार आहे, तुमची नात पोहायला गेलीय, दारातली गाडी बर्फाखाली गेलीय, आणि मला कुणाशी तरी कडकडून भांडायचंय. नवऱ्याशी भांडून झालं. उरलात तुम्ही.

नववीचा वर्ग आठवतोय. आपल्याच गावच्या शाळेत तुम्ही इतिहास शिकवायचात, आणि मी तुमची मुलगी म्हणून सगळ्यांत जास्त ओरडा खायचे. अमेरिकेचं यादवी युद्ध पुस्तकात जेमतेम दीड पान. बाकीचे मास्तर ते एका तासात उरकायचे, तुम्ही आठवडा घालवायचात. मी पेपरात ‘युद्ध संपले व गुलामगिरी नष्ट झाली’ एवढं लिहून मोकळी झाले, तर तुम्ही सगळ्या वर्गासमोर माझा पेपर वर धरलात. “काहून गं, एवढंच? पुढं काय झालं ते कोण लिहील?” मग पुढचं सांगत बसलात. सुटलेली माणसं मत द्यायला लागली, निवडूनसुद्धा आली, आणि थोड्याच वर्षांत सगळं त्यांच्या हातून हिसकावून घेतलं. रेल्वेचे वेगळे डबे, पाण्याचे वेगळे नळ, झाडाला लटकवलेली तरणी पोरं. फळ्यावर तुम्ही नकाशा काढलात आणि युद्धाआधी जे पळून गेले त्यांच्यासाठी वरच्या दिशेनं एक लांब बाण ओढलात, थेट कॅनडापर्यंत. “इथवर पोचला की माणूस मोकळा,” म्हणालात. मी मात्र कापलेल्या मार्कांसाठी रडत होते.

नागपूरच्या विमानतळावर मला निरोप देतानाही तोच बाण तुमच्या डोक्यात असणार. “जा. तिथं तुला कुणी काही विचारणार नाही.” त्याच वर्षी तुम्ही गेलात.

विचारतात हो, दादा. फार गोड विचारतात. “मूळचे कुठले तुम्ही?” “तुमच्याकडे गौरी उभ्याच्या की खड्यांच्या?” “आडनावावरून काही कळतच नाही बाई!” इथं कॅनडात, कनाटा नावाच्या आमच्या उपनगरात, थोडी मराठी घरं आहेत, बहुतेक सगळे टेलिकॉमवाले, पुण्याचे नाहीतर आपल्या नागपूरकडचे. मी हसून विषय बदलायचे आणि वाटायचं, जमलं. दर महिन्याला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पॉटलक असतो, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ करून न्यायचा. मसालेभात कायम माझ्याकडे. पातेल्याच्या तळाची खरपूड कुणी खायची यावरून पोरांची मारामारी व्हायची.

गेल्या महिन्यात तुमच्या नातीला शाळेत त्याच युद्धावर आणि त्यानंतरच्या लढ्यावर प्रोजेक्ट होता. मन लावून केला तिनं. शेवटच्या स्लाइडवर तुमचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की माझ्या आजोबांना लहानपणी शाळेत माठाला हात लावू देत नसत. शिपाई वरून ओंजळीत पाणी ओतायचा, आणि तो रजेवर असला की दिवसभर तहानलेलं राहायचं. आई भाकरी थापत असताना तुम्ही हे एकदाच बोलला होतात, पुन्हा कधीच नाही. मी ते तिला सांगितलं होतं. वर्गात पॉटलकच्या घरांतली दोन मराठी मुलं होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांना आमची जात कळली.

कुणी चकार शब्द काढला नाही. मग पॉटलकचा फोन आला. “अगं, या वेळी ना तू प्लेट्स आणि ज्यूस आण. तुला ऑफिस असतं, कशाला उगाच दगदग!”

मी म्हटलं, “आणि मसालेभात?”

“तो होईल गं मॅनेज. तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस.”

कागदी प्लेट्स आणि सीलबंद ज्यूस! माझ्या हातचं शिजवलेलं तेवढं नको. संताप संताप झाला माझा. घर घेतलं, इथली नागरिक झाले, यांच्या पोरांची गणितं घेतली, आणि शेवटी मी कुठे, तर त्या माठाशेजारीच. आणि तरी दुकानात जाऊन प्लेट्स आणल्याच मी.

त्याच आठवड्यात शाळेनं बोलावलं. काही पालकांची तक्रार होती की त्या स्लाइडनं त्यांच्या मुलांच्या भावना दुखावल्या. पालकांसाठी एका संध्याकाळी शाळेत सगळे प्रोजेक्ट मांडायचे होते, त्यात ती स्लाइड ठेवायची की काढायची, एवढाच प्रश्न. लेक म्हणाली, “जस्ट टेल देम इट्स ट्रू, आई.” मी गेले आणि सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा, परक्या भाषेत. प्रिन्सिपल बाई भल्या आहेत. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी ऐकलं, आणि मग म्हणाल्या की हा तुमच्या समाजाचा आपसातला नाजूक विषय आहे, दोन्ही बाजूंचा मान ठेवायला हवा. शाळेच्या भेदभावविरोधी नियमांत वंश आहे, रंग आहे, धर्म आहे. जात नाही. इतिहासाच्या बाई कृष्णवर्णीय आहेत, त्यांचे पूर्वज तुमच्या त्या बाणावरून चालत आलेले. त्या भांडल्या म्हणून एवढं तरी झालं की निर्णय मुलीवर सोडला. बाहेर पार्किंगमध्ये मला म्हणाल्या, “आम्हाला येऊन कितीतरी पिढ्या झाल्या. अजून मी दुकानात शिरले की गार्ड माझ्याच मागे फिरतो.” तुम्ही असता तर काहीतरी बोलला असतात, धीराचं. मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला लागले.

काल ती डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तीच स्लाइड उघडी ठेवून मधूनमधून माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “इट्स फाइन, आई. यांच्याबरोबर मला अजून शाळा संपवायचीय.” आणि तिनं तुमच्या फोटोची ती स्लाइडच काढून टाकली. एक बटण दाबलं, झालं. “आर यू मॅड?” तिनं विचारलं. मी नाही म्हटलं आणि वॉशरमधले कपडे ड्रायरमध्ये टाकायला खाली गेले.

तुम्ही तिला थांबवलं असतंत. मला ठाऊक आहे. मीही एका शब्दानं थांबवू शकले असते, ती वाट बघत होती. हे पत्र मी कुठं पाठवणार, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्हाला हे कळायला नकोय. तुमचा फोटो गेला, दादा, आणि मला हायसं वाटलं.