बकुळेचा बारावा भाग

१४ सप्टेंबर, रविवार

बारावा भाग सापडला म्हणे! हॉलवरून घरी येताना कल्याणीने गाडीतच सांगून टाकलं. "आजी, सरप्राइज होतं, पण मला थांबता येत नाही! उदयकाकाला बुक मिळाला, नागपूरला, जुन्या शॉपमध्ये. ओरिजिनल!" नात तेरा वर्षांची, पण सीटबेल्टमध्ये उड्या मारत होती. राजेंद्र गाडी चालवता चालवता म्हणाला, "साठ वर्षांनी गं आई!"

मी हसले. काय करणार?

गुडघे फार दुखतायत. बाकीचं उद्या.

१५ सप्टेंबर

सगळे गेले. राजेंद्र ट्रेडिंग इस्टेटला कामावर, सूनबाई आशा डेंटिस्टकडे रिसेप्शनला, कल्याणी शाळेत. घरात मी आणि बॉयलर. दोघांची कुरकुर चालू.

मोतीबिंदू पिकलाय. जाड मार्करने लिहिते, पानावर सात ओळी. वह्या भराभर संपतात, आशा म्हणते, "आई, तुम्ही काय कादंबरी लिहिताय का?" छापलेलं बारीक अक्षर म्हणजे नुसत्या मुंग्या. ऑपरेशन आठ ऑक्टोबरला. वर्षभर वाट बघून तारीख मिळाली.

तर बकुळा. "फिरस्ती बकुळा", भाग एक ते बारा. जत्रेत हरवलेली पोरगी. लंगडं गाढव घेऊन गावोगाव आपलं घर शोधत फिरते. माझा दादा बोर्डिंगात होता, दर सुट्टीला एक भाग आणायचा, वर खाकी कव्हर घालून. ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा, गाढवाचा आवाजसुद्धा काढायचा. मी चौथीतून शाळा सोडली, आईबरोबर वीटभट्टीवर गेले. पण अक्षर विसरले नाही ते बकुळेमुळे. तीच पानं पुन्हा पुन्हा. अकरा भाग पाठ, आणि अजून कपाटात जपलेले! अकराव्याच्या शेवटी बकुळा नदीकाठी उभी आहे, पलीकडे तिचं घर, दारात दिवा. झालं, पुढचं बाराव्यात.

बारावा यायच्या आधी माझं लग्न लागलं. पंधरावं वर्ष. मांडवात मी दादाला विचारलं, बारावा आणलास का? बाया काय हसल्या! दादा म्हणाला, "पुढच्या खेपेला." पुढच्या खेपेला दुकानात नव्हता, मग दादाला नोकरी लागली, मग मला पोरं झाली. दादाला जाऊनही आता वीस वर्षं झाली.

बारावा भाग मी वाचलेलाच नाही.

आणि चाळीस वर्षं सगळ्यांना सांगतेय!

१७ सप्टेंबर

आज वहीला सगळं सांगून टाकते. राजेंद्र लहान होता, तापात होता. अकरावा भाग सांगून झाला तर म्हणतो, मग? मला माहीत नाही, म्हणवेना. मग मीच बनवला.

बकुळा नदी ओलांडते. आई भाकरी वाढते. बकुळा दोन दिवस पोटभर जेवते, पोटभर झोपते. तिसऱ्या दिवशी गाठोडं बांधायला घेते. आई म्हणते, अगं पुन्हा हरवशील! ती म्हणते, "आता घर माहीत आहे ना. आता हरवत नाही, आता फिरायला चालले." आणि गाढवाला हाक मारते.

राजेंद्रला केवढं आवडलं! तिथेच थांबायला पाहिजे होतं. पण इंग्लंडात स्लाऊला आलो, इथल्या हॉलमध्ये दर रविवारी आपली माणसं जमायला लागली. बुद्धवंदना होते, पंचशील होतं, मग पोरं माझ्याभोवती. "रंभाआजी, बकुळा!" पंचशीलातलं चौथं म्हणजे खोटं बोलणार नाही. ते हात जोडून म्हणायचं, आणि पाच मिनिटांनी "पुस्तकात असं लिहिलंय बरं का!"

कुणी फसवायचं म्हणून नाही केलं. दमले की मला बकुळाच आठवायची, बस.

२१ सप्टेंबर, रविवार

हॉलचा कारभार बघणाऱ्या धम्मशीलाताईंनी माइकवर जाहीर केलं. पाच तारखेला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम, त्यात कल्याणी बारावा भाग वाचून दाखवणार! टाळ्या.

संघर्ष भेटला. माझ्या गोष्टी ऐकून मोठा झालेला पोरगा, आता कडेवर स्वतःची मुलगी. म्हणाला, "आजी, कॉव्हेंट्रीला एकटा राहायला गेलो ना, तेव्हा आई रडत होती. मी तिला बकुळाचंच सांगितलं, आता फिरायला चाललोय." वर विचारतो, "पुस्तकात अगदी तसंच आहे ना?"

अगदी तसंच, म्हटलं.

घरी येऊन पडून राहिले. जेवले नाही.

२५ सप्टेंबर

पार्सल आलं. एवढंसं पुस्तक! वास अगदी दादाच्या ट्रंकेतला. भिंग लावून बघितलं, मुंग्याच. छातीशी धरून बसले. मग चपातीच्या पिठाच्या डब्यात लपवलं.

२६ सप्टेंबर

"आई, अहो, हे पुस्तक पिठात काय करतंय?" आशाच्या हाताला लागलं. पावडर लावलेल्या बाळासारखं दिसत होतं. मी म्हटलं, वाळवी लागू नये म्हणून. "स्लाऊमध्ये? वाळवी?" खूप हसली. कल्याणी पुस्तक घेऊन वर गेली.

३० सप्टेंबर

रोज शाळेतून आली की दार लावून वाचत बसते. रविवारच्या वर्गात शिकलेली मराठी, एकेक अक्षर लावत. जिन्याखाली उभं राहिलं की ऐकू येतं, "न... दी... नदी." मन भरून येतं आणि जीव घाबरतो. दोन्ही एकदम. या वयात असलं झेपत नाही.

३ ऑक्टोबर

आज ठरवलं होतं, सांगून टाकायचं. पण तीच खाली आली. चेहरा उतरलेला. माझ्याजवळ बसली.

"आजी, तू हा बुक खरंच वाचलेला?"

आत्ता बोल रंभे, म्हटलं मनात.

"हो तर," म्हणाले. जीभच तशी वळली. चाळीस वर्षांची सवय.

कल्याणी "ओके," म्हणाली. मग माझ्या गुडघ्यांना तेल लावून दिलं. न सांगता!

५ ऑक्टोबर, रविवार

काय लिहू!

हॉल भरलेला. मी पहिल्या रांगेत, कधी एकदा संपतंय असं झालेलं. सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं. मग कल्याणी उभी राहिली. मला नुसता तिचा निळा ड्रेस दिसत होता. बकुळा नदी ओलांडते... आई भाकरी वाढते... दोन दिवस पोटभर झोपते... आणि गाठोडं! "आता हरवत नाही, आता फिरायला चालले!"

माझंच! शब्दाला शब्द! म्हणजे मी खोटं बोललेच नाही! की दादाने कधी सांगितलं होतं आणि मी विसरले? की बकुळा आणि मी एकाच डोक्याच्या! संघर्ष उभा राहून टाळ्या वाजवत होता. पोरगी कुठे अडखळलीसुद्धा नाही. पान उलटल्याचा आवाज मात्र आला नाही. आता कानही गेले वाटतं.

जाऊ दे. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं. दोन वाट्या खीर खाल्ली.

८ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. थेंब दिवसातून चारदा, आशा फोनवर गजर लावते. लिहायचं नाही म्हणतात. एवढंच लिहिलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

डोळा स्वच्छ झाला. सकाळी चहाच्या आधी बारावा भाग मीच वाचला. बावीस पानं. बकुळा घरी पोचते. महिन्याच्या आत बाप तिचं लग्न लावून देतो. गाढव विकतात, गाठोडं माळ्यावर जातं. समाप्त.

खाकी कव्हर घातलं, पुस्तक बाकी अकरांशेजारी ठेवलं.

हॉलमध्ये कल्याणी माझ्या शेजारी बसली होती. पंचशीलातलं चौथं आलं. आम्ही दोघींनी ते जरा हळूच म्हटलं.