एका ट्रेमधले बारा बोल्ट

गुरुवार, १४ नोव्हेंबर
दुकान, सकाळचे साडेनऊ

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुमचं दोन ओळींचं पत्र पोचलं. पंपांच्या कारखान्यात बरं चाललंय असं लिहिलंत. दोन ओळींत माणूस किती बरा असू शकतो ते मला कळतं, पण ते असो. इकडे आईंचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त कुरकुरतात, म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

दुकानाची बातमी अशी की नेमबाजी मंडळाने अखेर नव्या रायफली मागवल्या. परदेशातून सहा आल्या, त्या तपासणीला आपल्या दुकानात. आपल्या जुन्या बारा होत्या त्याच नावाच्या, तोच शिक्का, तशीच नळी. चिटणीस खूश, सुटे भाग आयतेच आहेत म्हणाले. मी खोकी उघडली. दस्त्याचं लाकूड असं की नुसता हात फिरवत बसावं. पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. नाव तेच असलं तरी कारखाना दुसराच आहे, भाऊजी. दस्त्याचा स्क्रू आपल्या जुन्या स्क्रूसारखाच दिसतो, दोन आटे सरळ जातो आणि तिसऱ्याला अडून बसतो. नेम धरायची पट्टी केसभर तिरकी आहे. चाप मात्र सुरेख. तुम्ही असतात तर दिवसभर रिकामाच ओढत बसला असतात आणि माझी बोलणी खाल्ली असतीत. सहापैकी तिघींचे काडतुसामागे सरकून बंद होणारे बोल्ट खरखरीत आहेत, तोंडाशी कानशीचे ओरखडे तसेच सोडलेले. एवढ्या लांबून माल पाठवताना लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

चिटणीसांनी तोडगा काढला. जुन्यांपैकी तीन रायफली मोडीत निघाल्यात, त्यांचे बोल्ट या तिघींना बसवा. स्पर्धा दोन आठवड्यांवर आहे. मी घालून पाहिले तर तिन्ही बसले, बंदही झाले. मग मोठं गेज घातलं, ज्यावर बोल्ट बंद व्हायलाच नको. दोन बोल्ट त्यावरही अलगद बंद झाले, तिसरा जेमतेम अडला. म्हणजे बोल्ट आणि काडतूस यांच्यामध्ये फट, काडतुसाला मागून आधार नाही. ते फुटलं की गरम वायू मागे येतो, तो थेट नेमबाजाच्या चेहऱ्यावर. हे मी तुम्हाला सांगायला नकोच.

चिटणीसांना नाही म्हणाले. ते म्हणाले, बसतोय तर अडचण काय? मी म्हटलं, बसतो म्हणजे जुळतो असं नसतं. त्यावर ते हसले आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या दिरासारखा निष्काळजी माणूस असता तर मी विचारलंही नसतं. तुमच्यावर मंडळाचा विश्वास आहे, वहिनी."

मी तिन्ही रायफली खोक्यांत घातल्या, कुलूप लावलं आणि या वापरता येणार नाहीत असं लेखी दिलं. मुलं स्पर्धेला तीन रायफली कमी घेऊन जातील. कोणी रागावलं तर रागावू दे.

इथवर लिहून मी उठले आणि चहा करून आले. आता मुद्द्यावर यायला हवं, नाहीतर हेही पत्र गेल्या सात वर्षांतल्या पत्रांसारखं गुडघ्यावरच संपेल.

सात वर्षांपूर्वी त्या दिवशी तुम्ही दुकानात नव्हतात. तुमच्या दादांना घेऊन दवाखान्यात गेला होतात. बारा रायफली दुसऱ्या दिवशी मंडळात जायच्या होत्या. मामंजींचा नियम तुम्हाला माहीत आहे, एक रायफल बंद केल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. मला दवाखान्यात डबा पोचवायची घाई होती. मी बाराही बोल्ट काढले आणि एकाच ट्रेमध्ये रॉकेलात टाकले. घासले, पुसले, तेल लावलं आणि हाताला येईल तो बोल्ट समोर असेल त्या रायफलीत घातला. बोल्टवरचे नंबर रायफलींच्या नंबरांशी जुळवून पाहिले नाहीत. सगळे बसले, म्हणून मला वाटलं झालं. सातव्या रायफलीने दुसऱ्या दिवशी मंडळातल्या त्या मुलीचा उजवा डोळा अधू केला.

चौकशीला मी मागे, दाराजवळ बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, शेवटची तपासणी कोणी केली? तुम्ही म्हणालात, "मीच केली. नंबर बघायचे राहून गेले."

तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. बोल्टवरचा नंबर तुम्ही पाहिला होतात आणि तो तिथे कोणी घातला हेही तुम्हाला कळलं होतं. दादा अंथरुणावर, त्यात वहिनीवर हे आलं तर घर कोलमडेल, असं तुम्ही एकट्यानेच ठरवून टाकलंत. मी उठून उभं राहायला हवं होतं. नाही राहिले. भीती वाटली म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. पण तुमचे दादा जाऊन चार वर्षं झाली, भीती केव्हाच संपली होती, नुसती गप्प बसायची सवय उरली होती. तुमचा परवाना गेला, गाव सुटलं. तुमच्याच टेबलावर बसून मी परीक्षेचा अभ्यास केला आणि परवाना माझ्या नावावर आणला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोराला संन्याशाचं दुकानही मिळालं. मला माझी लाज वाटते, भाऊजी.

चिटणीसांच्या त्या विश्वासाचा घास गिळवेना. मंगळवारी मी त्या मुलीच्या घरी गेले. ती आता शाळेत खेळ शिकवते. दारातच, बसायच्या आधी, सगळं सांगून टाकलं. ती हाकलून देईल अशी तयारी ठेवली होती. तिने विचारलं, "म्हणजे काडतूस मी नीट भरलं होतं?"

मला आधी समजलंच नाही. मग ती बोलू लागली. चौकशीच्या वेळी ती दवाखान्यात होती. दुरुस्तीवाल्या काकांनी चूक कबूल केली, एवढंच तिला कळलं. तुम्ही तिला भेटायला गेलात आणि तुझी काही चूक नाही म्हणालात. मोठी माणसं असं म्हणतातच, असं तिला वाटलं. आपणच घाईत काडतूस वाकडं ढकललं आणि आपण लहान म्हणून काकांनी ते अंगावर घेतलं, असं धरून ती सात वर्षं जगली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. माझ्या गप्प बसण्याने तुमचं वाटोळं झालं हे मला माहीत होतं. त्यात ही पोरही भरडली जात असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नाही. आम्ही दोघी तिथे पायरीवर बसून रडलो.

घरी येऊन आईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, सात वर्षं मी माझ्या पोराला एक ओळ लिहिली नाही. मग जुडी परत उचलत, "आधी त्याला लिही. तुझ्याकडे मी नंतर बघते."

पण तुम्हाला लिहिण्याआधी मी एक काम उरकलं. काल संध्याकाळी सगळी हकीकत लिहून सहीनिशी चिटणीसांच्या हातात दिली आणि पोच घेतली. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही "कशाला वहिनी" म्हणाला असतात आणि मी ऐकलं असतं. माझा परवाना जाईल, तो जावाच. शिलाई मशीन दुरुस्त करता येतात मला, पोटापुरतं होईल. तुमचा परवाना तुम्हाला परत द्यावा अशी मागणी त्यातच केली आहे. एकदा नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा करेन, दहांदा करेन. माझ्या चिकाटीची तुम्ही सगळे चेष्टा करायचात, आता ती कामी येऊ दे.

येत्या मंगळवारी बैठक आहे. तुम्हाला बोलावणं येईल, रजा काढून या. माझं निवेदन पुढ्यात ठेवून ते विचारतील, हे खरं का? मी तुम्हाला ओळखते. दादा नाहीत, आई म्हाताऱ्या, वहिनी एकटी, असं सगळं एका क्षणात तुमच्या डोक्यात येईल आणि तोंडातून आधी "नाही" निघू पाहील. मी तिथेच असेन. क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून ती मागत नाही. एकच मागते. या वेळी माझ्यासाठी खोटं बोलू नका.

तुमच्या होकाराची वाट पाहणारी,
तुमची वहिनी