नाव नसलेलं ताट

आप्पा, आपल्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर तुमचं नाव आहे. लग्नकार्यात भांडी शेजारीपाजारी जातात, अदलाबदल होते, म्हणून आई दुकानातच नाव घालून घ्यायची. मी जालन्याहून तुमच्यासाठी आणलेलं ताट तेवढं कोरं होतं. दुकानदारानं विचारलं, नाव काय घालू? मी नको म्हणालो. ते आपल्या ताटांत चुकूनही मिसळायला नको होतं.

तेव्हा मी नववीत होतो. तुमचं मिलमधलं काम सुटलं होतं आणि रक्ताच्या तपासणीत काय निघालं ते आईनं मला एकट्यालाच सांगितलं होतं. शाळेत एड्सचा धडा आला तेव्हा सरांनी मुलींकडं न बघता पानं उलटली. "हे घरी वाचा, परीक्षेला येत न्हाई." मधल्या सुट्टीत पोरांनीच मला शिकवलं, उष्टं खाल्लं की होतो, घामानं होतो, डास चावला तरी होतो. एकजण म्हणाला, "तू काहून एवढं बारीक इचारून राह्यला रे?" मग मी विचारणं सोडलं, आणि त्याच वर्षी शाळाही.

पहिल्या दिवशी तुम्ही ताटाची कड बोटानं चाचपता. "याच्यावर नाव न्हाई घातलं?" मी म्हणतो, राहिलं, घालून आणतो. तुम्ही भाकर मोडता. "राहू दे. उगी खर्चा कशाला. कुणाचं हाय ते लक्षात राह्यलं, मंग झालं." आपली लहानी, तेव्हा अंगणवाडीतली, नेहमीसारखी तुमच्या ताटाकडं सरकते आणि मी तिला दंडाला धरून मागं ओढतो. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बाहेर ओट्यावर जेवायला लागलात.

लहानी आता दहावीला आहे. तुम्ही कशानं गेलात हे तिला ठाऊक नाही. काल जेवताना ती शाळेतलं सांगत होती, एका ताटात जेवल्यानं एड्स होत नाही, हात धरल्यानंही नाही. बिलकुल बराबर सांगत होती. ती हात धुवायला उठल्यावर आई हळूच म्हणाली, "आपल्याला कुठं ठावं होतं तवा." मी मान हलवली.

मला ठावं होतं, आप्पा. ताट आणल्यानंतर थोड्याच दिवसांनी मी तुमच्या गोळ्या आणायला गेल्तो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाकावर बसवून हेच सगळं समजावलं होतं आणि घरी सगळ्यांना सांग म्हणाल्या होत्या. एसटीत मी ते मनात घोकत आलो. तुम्ही ओट्यावर जेवत होतात. मी गोळ्या तुमच्या हातात न देता बाजूला ठेवल्या आणि आत गेलो. बाईंचं मला पटलं होतं. तरी भीती वाटली. हे आईला अजून सांगितलेलं नाही.